छंदाची सक्ती

मराठी तरुणाच्या बायोडेटात 'छंद' या शब्दापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: वाचन, संगीत, प्रवास. हा मजकूर वडिलांच्या बायोडेटातून मुलाकडे वारसाहक्काने येतो. नोकरीच्या मुलाखतीत त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. लग्नाच्या बोलणीत तर नजर पगाराच्या आकड्यावर जी थांबते ती खाली उतरतच नाही. 'वाचन' लिहिणाऱ्याला 'काय वाचता?' असं विचारणं आपल्याकडे पगार विचारण्याहून असभ्य समजतात. छंद ही ज्याची त्याची खासगी बाब. असला काय, नसला काय, समाजाला त्याचा उपद्रव नसतो.

हा सामाजिक करार कोलकात्यातल्या सॉल्ट लेकमध्ये मोडतो. तिथली माणसं ती ओळ खरी धरून चालतात.

सॉल्ट लेकचा सेक्टर फाइव्ह ही तिथली हिंजवडी. देशभरातली पोरं तिथे कॉम्प्युटरपुढे बसायला येतात आणि बाकीच्या सेक्टरांत डोकं टेकायला खोली शोधतात. मी नागपूरचा, माझा खोलीसोबती पुण्याचा. खोली बघायला जायचं तर पुण्यात काय नि नागपुरात काय, प्रश्न ठरलेले: लग्न झालंय का, मित्र किती येतात, मटण शिजवता का, अनामत कधी देता. इथे घरमालकांनी आधी बसवलं. त्यांना मेशोमशाय म्हणायचं आणि मालकीणबाईंना माशीमा, हे पहिल्या दोन मिनिटांत ठरलं. नातं लावल्याशिवाय इथे भाडंसुद्धा स्वीकारत नाहीत. माशीमांनी ठेवणीतल्या कपांतून चहा दिला. मग प्रश्न आला, "फावल्या वेळात काय करता?"

"वाचन," पुणेकर सवयीने म्हणाला.

"कोणाचं?"

"सगळंच."

"सगळंच वाचणारा काहीच वाचत नाही," असा निकाल देऊन मेशोमशाय माझ्याकडे वळले. मी जी. ए. कुलकर्णींचं नाव सांगितलं. त्यांनी टेबलाच्या खणातून वही काढली, नाव नीट लिहून घेतलं आणि म्हणाले, "छान. रविवारी संध्याकाळी यांच्याविषयी सांग." अनामतीचा विषय त्यानंतर निघाला, आणि तोही माशीमांनी काढला.

आता ही वस्ती आहे कशी ते सांगायला हवं, कारण तिथे राहणाऱ्याचा निम्मा वेळ स्वतःचं घर शोधण्यात जातो. सॉल्ट लेकचं सरकारी नाव विधाननगर. डॉ. विधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना कोलकात्याच्या पूर्वेकडची खारी दलदल बुजवून शहर वसवायचं ठरलं. हुगळीतला गाळ पाइपांतून आणून ओतला आणि दोब्रिव्होये तोश्कोविच नावाच्या युगोस्लाव्ह वास्तुविशारदाने आराखडा काढला. डॉ. रॉय 1962 साली गेले. शहर पुढे त्यांच्या नावावर उभं राहिलं. नंतर युगोस्लाव्हिया जगाच्या नकाशावरून पुसला गेला, पण तिथल्या माणसाने काढलेला नकाशा शाबूत आहे. आज सॉल्ट लेकमध्ये मीठ वाण्याच्या दुकानात मिळतं आणि तळं बघायला सेंट्रल पार्कात जावं लागतं.

इथल्या वस्त्यांना इंग्रजी अक्षरांच्या जोड्या आहेत: एए, बीडी, सीके, एफडी, जीडी. पाण्याच्या टाक्यांना नंबर आहेत आणि बसथांबे त्या टाक्यांवरून ओळखले जातात. चौकातल्या गोल बगिच्यांना आयलंड म्हणतात. सायकलरिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण डोळ्यांच्या डॉक्टरसमोर तक्ता वाचतोय असं वाटतं. पुणेकराला हे फार लागलं. जो माणूस पत्र्या मारुतीवरून डावीकडे वळून पासोड्या विठोबापाशी थांबत मोठा झाला, त्याने 'चार नंबर टाकी' म्हणून उतरायचं? त्याने आठवड्याभरात आमच्या थांब्याचं नाव टाक्या मारुती ठेवलं. तिथे मारुती नाही, हा आक्षेप त्याने पुणेरी पद्धतीने निकालात काढला: "पुण्यात तरी पत्र्या मारुतीला पत्रा कुठे दिसतो?"

सॉल्ट लेकमधल्या पुष्कळ घरांत आता दोनच माणसं राहतात, दोघंही निवृत्त. मुलं बंगळुरूला, हैदराबादला, नाहीतर न्यू जर्सीला. त्यांच्या रिकाम्या खोल्यांत आमच्यासारखी परकी मुलं येतात. गंमत म्हणजे आमचे आईवडीलही नागपुरात आणि पुण्यात असेच दोघं दोघं बसलेले असतात. देशभर आईबापांची आणि मुलांची अशी अदलाबदल चालू आहे. फक्त प्रत्येकाला दुसऱ्याचं मूल मिळतं. आम्हाला मिळालेल्या खोलीत मुलाचं पुस्तकांचं कपाट तसंच होतं. त्याला काचा होत्या, कुलूप होतं, आणि किल्ली मेशोमशायच्या जानव्याला होती. ती मिळवण्यासाठी आधी बंगाली वाचता येणं आवश्यक होतं.

पु. ल. देशपांडे बंगाली शिकायला 1970 साली शांतिनिकेतनात जाऊन राहिले होते आणि त्यातून 'वंगचित्रे' हे पुस्तक झालं. आम्हाला ऑफिसातून तेवढी रजा मिळण्यासारखी नव्हती. मेशोमशायनी कपाटातून बंगाली टिनटिन काढून दिला. नीरेंद्रनाथ चक्रवर्ती या नामवंत कवीने केलेलं हे भाषांतर बंगाली मुलांच्या पिढ्यांनी पाठ केलेलं आहे; त्यात टिनटिनच्या कुत्र्याचं नाव कुट्टुश. चित्रांवरून अर्थ लावत आम्ही बंगाली लिपी शिकलो. या पद्धतीचा एकच तोटा. आमचा शब्दसंग्रह पिस्तुलं, विमान अपघात, अपहरण आणि खलाशांच्या शिव्या एवढ्यापुरता तयार झाला. 'हात वर करा, खजिना कुठे आहे?' हे मी शुद्ध बंगालीत विचारू शकत होतो, पण बाजारात वांगी कशी दिली ते विचारताना हातवारे करत होतो. मासळीवाला मात्र खूश असे. गिऱ्हाईक मासा घेताना टिनटिनमधल्या कॅप्टन हॅडॉकच्या भाषेत भाव पाडतंय, हे त्याने आधी पाहिलं नव्हतं.

बंगाली वाचता यायला लागल्यावर खरा अभ्यासक्रम सुरू झाला. इथे मराठी माणूस एकटा नसतो. त्याच्या डोक्यावर सगळा महाराष्ट्र असतो आणि त्याला सगळ्या महाराष्ट्राची उत्तरं द्यावी लागतात. त्यातून मी नागपूरचा. रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर 1742 साली बंगालवर चालून गेले, तेव्हापासून बंगालमध्ये मराठी स्वारांना बर्गी म्हणतात. बंगाली बाळांना झोपवायच्या अंगाईगीतात हे बर्गी अजूनही येतात. त्या वर्षी कोलकात्याभोवती मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठे कोलकात्यापर्यंत आले नाहीत. माशीमांनी न्यू जर्सीच्या नातीला व्हिडिओ कॉलवर मला दाखवलं, "हे बघ, खरे बर्गी!" मी तेव्हा दही-पोह्यांची वाटी हातात घेऊन बसलो होतो. नातीची निराशा स्क्रीनवर स्पष्ट दिसली.

मी मेशोमशायना सांगितलं, की 1751 च्या तहात अलिवर्दीखानाने नागपूरकरांना वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली होती. त्याची थकबाकी भाड्यातून वळती करायला हरकत नसावी. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "कबूल नवाबाने केली. त्यासाठी मुर्शिदाबादला जावं लागेल. हे घर 1751 मध्ये पाण्याखाली होतं." भाडं ठरल्या तारखेला द्यावं लागलं.

पुणेकर या बर्गी-प्रकरणात मला एकटं सोडून मजा बघत होता. त्याची पाळी पुढच्या रविवारी आली. ब्योमकेश बक्षी आपल्याला दूरदर्शनवरच्या बासू चटर्जींच्या मालिकेमुळे माहीत आहे. त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय. 1932 साली त्यांनी हा सत्यशोधक जन्माला घातला, 1938 मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले आणि 1952 पासून पुण्यात घर करून राहिले. ब्योमकेशच्या पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. एवढंच नाही, शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या साहसकथा त्यांनी बंगाली मुलांसाठी रचल्या. बंगाली मुलांना तोरणा किल्ला ठाऊक आहे तो या सदाशिवामुळे. मेशोमशायनी पुणेकराला विचारलं, "शरदिंदुबाबूंचं घर कोणत्या पेठेत?"

पुण्याविषयी एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, असं सांगण्याची सोय पुणेकराच्या भाषेत नाही. त्याने सराईतपणे पलटवार केला, "पेठेत राहणाऱ्याची पाटी असते. त्यांची पाटी मी पाहिलेली नाही." मेशोमशायनी वहीत काहीतरी लिहिलं. पुणेकराने त्या रात्री घरी फोन करून वडिलांना विचारलं. वडिलांनी आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, "कोण? ते शांत बंगाली गृहस्थ होते का?" पुण्यात शांत राहिलं की माणूस कोणाच्या लक्षात येत नाही, एवढाच त्यातून बोध घ्यायचा.

एकदा वाचायला बसलं की दोन्ही भाषांच्या भिंतीत मधूनच दारं निघतात, हे मात्र खरं. शरच्चंद्र चट्टोपाध्याय आमच्या आजीच्या पिढीने मामा वरेरकरांच्या अनुवादांतून एवढे वाचले, की शरदबाबू परप्रांतीय आहेत हे तिला उशिरा कळलं. उलट दिशेने सखाराम गणेश देउस्कर. मराठी घरातला हा माणूस 1869 साली देवघरजवळच्या करौं गावी जन्मला, बंगालीत लिहू लागला, आणि 1904 साली त्याने लिहिलेलं 'देशेर कथा' हे पुस्तक बंगालच्या स्वदेशी चळवळीत घरोघर गेलं. इंग्रज सरकारने 1910 मध्ये त्यावर बंदी घातली. मराठी माणसाने बंगालला धडकी भरवली याची आठवण तिथे पाळण्यात आहे. मराठी माणसाने बंगालीत लिहून इंग्रजाला धडकी भरवली, ही आठवण मला माझ्या शाळेने करून दिली नव्हती. ती मेशोमशायनी करून दिली आणि वर विचारलं, "तुमच्या नागपुरात यांचा पुतळा कुठे आहे?" मी विषय संत्र्यांवर नेला.

हा सगळा झाला रविवार. आठवड्याचे बाकीचे दिवस सेक्टर फाइव्हमध्ये जातात, आणि तिथेही सुटका नाही. दुपारी एक वाजता कॉलेज मोडच्या फुटपाथवर सगळी आयटी कंपनी बाकड्यावर उतरते. भात-मासा, रुटी-तडका, लुची-आलूदम, एगरोल आणि बटाटा घातलेली बिर्याणी. या बटाट्यावरून मी पहिल्या आठवड्यात वाद घातला आणि दुसऱ्या आठवड्यात दोन बटाटे मागितले. जेवणानंतरचा विषय पोट. अंबल झालं का, गॅस धरला का, काय घेतलंस, ओव्याचा अर्क की इसबगोल? पंचविशीतली मुलंमुली या विषयावर ज्या अधिकाराने बोलतात, तो अधिकार आमच्याकडे साठी उलटल्यावर मिळतो. माझ्या मते प्रकृतीची काळजी हा इथला सर्वांत लोकप्रिय छंद आहे. तो बायोडेटात कोणी लिहीत नाही, कारण त्याला श्वासोच्छ्वासात गणतात. पारा अठरा अंशांवर आला की डोक्यावर माकडटोपी चढते. नागपूरच्या डिसेंबरातून आलेल्या माणसाला तेव्हा घाम येत असतो.

पोटाचा विषय आटोपला की कवितेचा. ऑफिसातला दर तिसरा माणूस कुठल्यातरी लघुनियतकालिकाचा संपादक असतो आणि उरलेले दोघं त्याचे लेखक. आमच्या टीमचा लीड दिवसा सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा आणि रात्री स्वतःच्या कवितेतल्या. त्याने आम्हा दोघांकडे मराठी कवितांची भाषांतरं मागितली. मानधन नाही, अंकाची एक प्रत, तीही आपण विकत घ्यायची. पुणेकर म्हणाला, "हे तर आपल्यासारखंच आहे." घरापासून दूर असताना आपलेपणा असा अचानक भेटतो.

संध्याकाळी सॉल्ट लेकच्या गल्लीतून चालत गेलं की एका खिडकीतून पेटी, दुसरीतून तबला, तिसरीतून लहान मुलीचं काव्यपठन. रवींद्रनाथांनी दोन हजारांहून जास्त गाणी लिहून ठेवली आहेत, त्यामुळे शिकवणाऱ्याला विषय संपण्याची भीती नाही. चौथ्या खिडकीत बुद्धिबळ. पाचव्या खिडकीत प्रश्नमंजुषेची तयारी. नील ओब्रायन यांनी 1967 साली शहरात पहिली खुली प्रश्नमंजुषा घेतली तेव्हापासून कोलकातेकर उत्तरं पाठ करून प्रश्नांची वाट बघत बसले आहेत. आमच्या घराशेजारचे एक आजोबा लिफ्टमध्ये भेटले तरी बुर्किना फासोची राजधानी विचारत. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत 'वागादुगू' म्हणावं लागे, नाहीतर ते दार धरून ठेवत.

खेळ हा छंद निवडावा तर तिथे मधला मार्ग नाही. सॉल्ट लेकच्या युवा भारती क्रीडांगणावर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना असला की वस्ती दोन तुकड्यांत फाटते. 13 जुलै 1997 रोजी याच मैदानावर या दोन संघांचा फेडरेशन कपाचा उपांत्य सामना बघायला 1,31,781 माणसं आली होती. त्यात बाईचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकला. प्रेक्षकांचा हा आकडा इथे पाढ्यांबरोबर शिकवतात. क्लब निवडला की मासाही ठरतो: मोहन बागान म्हणजे कोळंबी, ईस्ट बंगाल म्हणजे इलिश. पुणेकर शाकाहारी. त्याने विचारलं, "पनीर कोणत्या क्लबाचं?" सगळं टेबल गप्प झालं. मग एका कनवाळू सहकाऱ्याने हळूच विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय का?"

पुणेकराचा खरा छंद गिर्यारोहण. तो येताना दोर, बूट, टॉर्च आणि सह्याद्रीचा गर्व एवढं सामान घेऊन आला होता. सॉल्ट लेक गाळ पसरून केलेलं, तव्याइतकं सपाट. तिथला सर्वांत मोठा चढ म्हणजे मेट्रो स्थानकाचा जिना, आणि त्यालाही सरकता भाग आहे. पण बंगाली माणसाला प्रवासाबद्दल कमी लेखण्याची चूक कोणी करू नये. दीघा, पुरी, दार्जिलिंग या त्रयीला ते लाडाने 'दीपुदा' म्हणतात आणि ती तर बालवाडी झाली. मेशोमशाय तरुणपणी सांदकफूला चालत जाऊन आले होते, तीन हजार सहाशे मीटरवर. पुणेकराने कळसूबाईची उंची सांगितली: 1646 मीटर. मेशोमशाय प्रेमाने म्हणाले, "वा! सुरुवात अशीच करावी." महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराचा एवढा मृदू अपमान मी ऐकलेला नाही.

शेवटी आम्ही ठरवलं, की बचाव पुरे, आता चढाई करायची. दिवाळी आली. बंगाल्यांचे शारदीय अंक पूजेच्या आधीच बाजारात येतात. एकेका अंकात चार-पाच अख्ख्या कादंबऱ्या. आमचे दिवाळी अंक दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि कुरियरने सॉल्ट लेकला पोचेपर्यंत तुळशीचं लग्न लागलेलं असतं. तरी आईने चिवड्याच्या डब्याखाली पाठवलेले अंक आम्ही मेशोमशायपुढे थाटात मांडले. पहिला दिवाळी अंक 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने काढला आणि ती परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, असं पुणेकराने छाती काढून सांगितलं. मी पुढे जोडलं, की त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, आणि मित्र हे आडनाव अगदी बंगाली. मेशोमशाय हसले, "म्हणजे शेवटी मित्रबाबूंनीच काढला!"

मग त्यांनी अंक हातात घेतले. मराठी कळत नव्हतं, पण देवनागरी येत होती. अक्षर अक्षर लावत ते जाहिराती वाचू लागले. बँक, दागिने, मसाले, बिल्डर. त्यांनी आदराने विचारलं, "ही कथा पितांबरीवर आहे का?" वार्षिक राशिभविष्यापाशी ते थबकले. जन्मभर विज्ञानवादी, मार्क्स वाचलेला माणूस. पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर हळूच म्हणाले, "अभ्यास म्हणून विचारतो, कर्केला काय लिहिलंय?" मराठी साहित्याने बंगालवर मिळवलेला तो पहिला निर्विवाद विजय.

जानेवारी संपत आला की सॉल्ट लेकमध्ये पुस्तकमेळा लागतो. आंतरराष्ट्रीय कोलकाता पुस्तक मेळा 1976 साली सुरू झाला. बरीच वर्षं तो मैदानावर भरे. 1997 मध्ये भर मेळ्यात आग लागून हजारो पुस्तकं जळाली, तर काही दिवसांत तो पुन्हा उभा राहिला. मग मैदान सुटलं, जागा बदलल्या, आणि 2018 पासून तो आमच्या सेंट्रल पार्कात आला. आता त्या जागेलाच बोईमेला प्रांगण म्हणतात. करुणामयी मेट्रो स्थानकावर उतरून गर्दीने ढकलावं तिकडे जायचं. पाय आपोआप पोचतात.

तिथे आम्ही मेशोमशायना त्यांच्या खऱ्या रूपात पाहिलं. एरवी जिना उतरताना गुडघ्याचं नाव काढणारा माणूस माकडटोपी घालून, हातात यादी घेऊन मोठ्या प्रकाशकाच्या रांगेत तासभर उभा. त्यांच्या मागे शाळकरी पोरं, पुढे नवविवाहित जोडपी. आपल्याकडे दागिन्यांच्या दुकानात अक्षय्य तृतीयेला जो उत्साह दिसतो तो इथे समग्र वाङ्मयाच्या खंडांपुढे. मधूनच फिश फ्रायच्या स्टॉलकडे दुसरी रांग, आणि तीही तेवढीच लांब, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पुस्तक आणि तळलेला मासा ही जोडी कोणाला विसंगत वाटत नाही. आपल्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या जोडीला वाद असतो. त्याने पोट भरत नाही, एवढाच फरक. मेळ्याला प्रवेश फुकट आहे. घरी परतताना मेशोमशायच्या पिशव्या आम्ही उचलल्या, आमच्या पिशव्या त्यांनी तपासल्या आणि एक पुस्तक बाजूला काढून म्हणाले, "हे घरात होतं. विचारायचं होतंस." कपाटाची किल्ली त्या रात्री आम्हाला मिळाली.

आपल्याकडे वाचनसंस्कृती टिकवण्यासाठी परिसंवाद होतात. त्यात वक्ते मोबाइलला दोष देतात आणि श्रोते तो खाली धरून बघत असतात. सॉल्ट लेकमध्ये राहून माझं मत असं झालं, की वाचनसंस्कृती हा संस्कारांचा विषयच नव्हे. तो शेजाऱ्यांच्या दबावाचा विषय आहे. आपण काय वाचतो याची चौकशी करणारं एक माणूस जिन्यात भेटत असेल तर माणूस वाचतो. आमच्या हातातला मोबाइल तिथेही सुटला नव्हता. पण रील बघताना मागून "काय वाचतोस रे?" असा प्रश्न येण्याची धास्ती असली की दहा रिलांमागे एक पान वाचून होतं. वर्षाचा हिशेब केला तर तो कोणत्याही परिसंवादाला हेवा वाटावा असा निघेल.

आणि मराठी वाचायला मिळत नाही, ही सबब तर कोलकात्यात चालतच नाही. अलिपूरच्या बेल्व्हेडिअर वाड्याच्या आवारात राष्ट्रीय ग्रंथालय आहे. 1954 च्या कायद्याप्रमाणे देशात निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने तिथे पाठवायची असते, मराठीसुद्धा. म्हणजे सदाशिव पेठेत छापलेल्या आणि सदाशिव पेठेतही न खपलेल्या कवितासंग्रहाला कोलकात्यात हक्काची जागा आहे. नागपूरच्या स्टेशनवरून हावड्याकडे गीतांजली एक्सप्रेस जाते, ज्ञानेश्वरी एक्सप्रेसही जाते. प्रवासाच्या साधनांनाच पुस्तकांची नावं दिल्यावर सरकारने आणखी काय करायचं?

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातलं किंवा नात्यातलं कोणी सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला लागलं असेल तर त्याला लाडू-चिवड्याच्या डब्यासोबत एक चांगला दिवाळी अंक पाठवा. तो उघडला जाईल का, याची काळजी तुम्ही करू नका. ते घरमालक बघून घेतील. फक्त राशिभविष्याचं पान फाडू नका.